पर्जन्यछाया

अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारी वैशाली स्पर्धा परीक्षेत पुन्हा नापास झाली, आणि निकालानंतर लगेच तिचा थोरला भाऊ तिला गावी न्यायला आला. ती भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती.

"वैशू, पुरे झालं आता. बॅग भर," तो हळूच म्हणाला.

"दादा, एवढा धडा होऊ दे."

तो रिकाम्या खुर्चीवर टेकला आणि नुसतं बसवेना म्हणून तिच्यासमोरचा नकाशा पाहू लागला. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना पाऊस पाडून टाकतात आणि पलीकडे उतरतात ते कोरडे होऊन. तिनं बोट फिरवत दाखवलं. बोट थांबलं तिथं त्यांचा तालुका होता.

"म्हणजे हे आपल्याबद्दलच लिहिलंय की! मग यावर उपाय काय?"

"तो या पेपरात विचारत नाहीत. अधिकारी झाल्यावर करायचा असतो."

'पर्जन्यछाया' हा शब्द आम्ही सगळे गुणांसाठी पाठ करत होतो. कुणाचं अख्खं बालपण त्या शब्दात, टँकरमागे धावण्यात गेलेलं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डोंगर कुणाला हलवता येत नाही. पण त्याच्या सावलीत जन्मलेल्यानं मान खाली घालून बसावं, असंही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

दादा उठला. जिन्यात उभं राहून त्यानं घरी फोन लावला.

"ती येत नाहीये," तो म्हणाला, "आणि मीही तिला आणणार नाही."