दोन्ही बाजू सारख्या

डावं-उजवं सारखं नसेल तर ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही असे गृहस्थ अख्ख्या संभाजीनगरात एकच, आणि ते माझे थोरले मेहुणे आहेत, हे मी कुणी न विचारताही सांगतो. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतात. लासूर स्टेशनला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. भटजी थांबले, हे थांबले नाहीत. व्यवसायानं ते एमआरआय वाचणारे डॉक्टर. गाठ मेंदूतली असो की नसेवरची, आधी डावा अर्धा बघायचा, मग उजवा. "देवानं दोन्ही अर्धे सारखेच केलेत, मामा. एकात काही लपलं की दुसरा चुगली करतो," हे ते देवगाव रंगारीहून आलेल्या पेशंटला इतकं रंगून समजावतात की बाहेरची रांग ताटकळते.

एका दिवाळीत ते आमच्याकडे आले होते. त्यांची बहीण, म्हणजे माझी डावखुरी बायको, डावा हात चकलीच्या पिठात घालून बसली होती. फोन वाजला. तिनं तो मोकळ्या उजव्या हातानं उचलला आणि तोंडापुढून वळसा घेऊन डाव्या कानाला लावला. मेहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तिचं बोलणं संपेपर्यंत ते कसेबसे थांबले.

"बाई, उजव्या कानानं काय घोडं मारलंय?"

"तिकडून कमी येतं ऐकू, दादा. मळ असंल."

"मळ नाय. हात धू, चल."

चकल्या तशाच राहिल्या. त्यांच्या सेंटरवर काचेआडून मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी डावं बघितलं, उजवं बघितलं, पुन्हा डावं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "ऐकायच्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ हाय. कॅन्सर नाय, पण वाढली तर मेंदूवर दाबंल. काढावी लागंल. चेहऱ्याची नस मात्र तिला खेटूनच जाते. तिला धक्का लागला तर अर्धं तोंड वाकडं." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तेव्हा ते समोरच उभे होते.

"बाई, हस."

"इथं हसण्यासारखं काय हाय, दादा?" म्हणता म्हणता ती हसली.

त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "सारखंय," एवढंच म्हणाले आणि खिडकीचा पडदा सरळ करायला लागले. बराच वेळ वळलेच नाहीत. ह्या माणसाचा मला फार अभिमान वाटला.

उजवा कान मात्र गेला. आता मेहुणे आमच्याकडे जेवायला आले की पानं तेच मांडतात. सगळी तिच्या डाव्या हाताला, उजवीकडं एकही नाही. पंगत पार एकीकडं कललेली दिसते. तेवढी ते तशीच राहू देतात.