पँटच्या कापडावरचं गाव

इथे आखातात, वादी अदाईतला आमचा टेलर तोंडात टाचण्या धरूनच बोलायचा, म्हणजे नुसतं "हूं" करायचा. त्या दिवशी मात्र फोन आला आणि त्यानं टाचण्या तळहातावर थुंकल्या! चितगावकडच्या घनदाट जंगलातलं त्याचं गाव लढाईत जळालं होतं. इतक्या वर्षांनी माणसं परतली, तर सगळं रान माजलेलं. कुणाचं घर कुठे होतं, कळेना. हा पूर्वी तिथे घरोघर जाऊन मापं घ्यायचा. माझ्या पँटच्या कापडावर खडूनं झरा, वाट, घरं काढत तो फोनवर ओरडून वाट सांगू लागला. तिकडे एकदम गलका झाला.

"साब, अम्मा का चूल्हा मिल गया!" तो नाचलाच. मग ओशाळून त्यानं खडू पुसायला ब्रश उचलला.

मी त्याचा हात धरला. "पैंट छोड़ो. अगला घर किसका?"