मृगातला लाल रंग

भुसावळातल्या माझ्या फोटो स्टुडिओत काउंटरच्या मागे मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो लावलाय. मी स्वतः काढलेला. येणारा प्रत्येक जण तो बघून एकच विचारतो, नेटवरून घेतला का? माझ्या डोक्यात तिडीक जाते.

परवा नाना आले, जुनं गिऱ्हाईक, धाकट्या मुलीला घेऊन. स्थळांना पाठवायला तिचा फोटो हवा होता. तो काढून झाला आणि नानांची नजर भिंतीवर गेली. "हाई बठ्ठं कॉम्प्युटरवर करेल शे ना, भाऊ?"

झालं, मी सुरूच झालो. म्हटलं, नाना, यासाठी यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी चार रात्री कुडकुडलोय मी. इथे भुसावळात दिव्यांच्या झगमगाटात तारेसुद्धा धड दिसत नाहीत. कॅमेरा काळापांढरा. त्याच्यापुढे लाल काच लावून तासन्‌तास फोटो घ्यायचे, मग हिरवी लावून, मग निळी. कॉम्प्युटर ते एकावर एक रचतो आणि अंधुक असलेलं वर आणतो, एवढंच. तो लाल रंग तिथल्या हायड्रोजनचा आहे. इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, त्याला मी काय करू? पदरचा एक ठिपका घातलेला नाही मी.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलीकडे बोट करून म्हणाले, "बरं, ते ऱ्हाऊ दे. आंडेरले जरा गोरी करी दे."

म्हणजे आकाशातला खरा रंग यांना खोटा वाटतो, आणि पोटच्या पोरीच्या तोंडाला फासलेला खोटा रंग चालतो. असा संताप आला म्हणता. पण हात सवयीने माउसवर गेलाच होता.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, मला आहे तशीच ठेवा."

"तू गप बैस," नाना म्हणाले.

"अक्काचा फोटो तुम्हीच केला होता ना?" ती माझ्याकडेच बघून बोलत होती. "पाहुणे आले तेव्हा अक्का पोहे घेऊन बाहेर गेली. ते म्हणाले, ही नको, फोटोतल्या मुलीला बोलवा."

मी फोटो होता तसा छापून दिला. नानांनी तो घेतला आणि मुलीसकट सरळ समोरच्या स्टुडिओत शिरले.

ते गेल्यावर मी अक्काचा जुना, मूळ फोटो शोधून उघडला. चांगली सावळी, हसरी पोरगी होती. मीच पुसली होती तिला.