बॅटरीखालची खूण

शेठनी माझ्या खिशात हात घातला. न विचारता. सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा चालला होता, सगळ्यांच्या देखत. मी टेंपोतली पोती उतरवून नुकता टेकलो होतो. खिशातला मोबाईल वाजला आणि शेठची मान वळली. त्यांचा मोबाईल आदल्या आठवड्यात हरवला होता. त्याच कंपनीचा, तसाच काळा.

"हा बघा चोर. पोती उतरवतोय आणि मोबाईल बाळगतोय."

मी म्हणालो, "आवं शेठ, माझा हाय त्यो. भावानं दिलाय."

"भाऊ कोण तुझा, कलेक्टर?"

लोक हसले. ज्यांची पोती मी पाठीवरून वाहिली होती, तेही हसले. मोबाईल शेठच्या हातात अजून वाजत होता. पलीकडं माझा बाप होता. शेठनी फोन कापला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोबाईल म्हणजे शेठ आणि डॉक्टर यांच्या कमरेला दिसणारी वस्तू. आम्ही पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं चाललेले. मी टेंपो शिकलो. थोरला भाऊ परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात लागला. त्याच्या मालकानं नवा मोबाईल घेतला, जुना ह्याला दिला. जत्रेला आला तेव्हा भावानं तो माझ्या हातात ठेवला. कारण आमचे आबा, म्हणजे आमचा बाप. आबा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ बाहेर. आज कोरेगावकडं कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली, उद्या आणखी कुठं. त्यांना पत्ता नाही. वाटेत टेलिफोनचा बूथ दिसला की त्यांनी माझा नंबर फिरवायचा, जिवंत असल्याचं कळवायचं. तेवढाच आमचा धागा.

शेठनी मला पोलीस चौकीत नेलं. तिथं हवालदारानं विचारलं, "तुझा हाय म्हणतोस, तर नंबर सांग."

मी घडाघडा सांगितला. तो मला झोपेतही पाठ होता. हवालदार हसला. त्यानं मोबाईल उघडला, आतलं सिमकार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हा तुझा नंबर. घे. आता मोबाईलचा सांग."

मला काही उमगेना. मोबाईलला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर असतो, जगात दुसऱ्या कुठल्याच मोबाईलला तो नसतो, हे मला कोण सांगणार होतं? बॅटरी निघाली होती. तिच्याखाली पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर बारीक आकडे. त्या आकड्यांवरून दोन खोल ओरखडे गेलेले.

"नंबर खरवडलाय. सराईत हाय हा," हवालदार शेठना म्हणाला.

ते ओरखडे आबांचे होते. आमच्यात मेंढरू आपलं झालं की त्याच्या कानाला घरची खूण करतात. आमच्या घराची खूण दोन काप. मोबाईल आला तेव्हा आबांनी तो उलटापालटा केला आणि म्हणाले, "वस्तू लाखमोलाची, आन खूण न्हाई व्हय रं?" लोकर कातरायच्या कातरीच्या टोकानं त्यांनी बॅटरीखाली दोन काप ओढले. आत ओढले, कारण चोराला दिसू नयेत. आपली वस्तू आपली राहावी म्हणून म्हाताऱ्यानं पुरावाच पुसून टाकला होता.

मी हे सगळं सांगितलं. "सायेब, आमच्या घरची खूण हाय ती. मेंढराच्या कानाला असती तशी."

"मग तू मेंढरूच हायस की," हवालदार म्हणाला आणि कानाखाली वाजवली.

मोबाईल शेठना मिळाला. तुमच्या मोबाईलचा नंबर काय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. शेठ म्हणाले, माझा आहे. झालं. मग त्यांनी उदार होऊन सांगितलं, "सोडा गरिबाला. तक्रार नको." हवालदारानं मला त्यांच्या पाया पडायला लावलं. मी पडलो. डोकं फरशीला टेकलं तेव्हा माझाच मला संताप आला. पण पडलो.

पेठेत माझ्या टेंपोत माल भरणं बंद झालं. लोक लांबून बोट दाखवायचे, "त्यो मोबाईलवाला." तिकडं आबा कुठल्यातरी बूथवर उभे राहून नंबर फिरवत असणार. नंबर माझ्या खिशात होता. वाजणार कशात? म्हातारा काय समजत असेल?

भावाला बूथवरून फोन करून सगळं सांगितलं. दोन दिवसांनी त्यानं मालकाला विचारून सांगितलं, "कागद खरवडला तरी नंबर मोबाईलच्या पोटात असतोय रं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाब. काचेवर येतोय. मोबाईलच्या खोक्यावरबी त्योच असतोय. आपलं खोकं मालकानं फेकलं. पर शेठकडं त्यांचं खोकं असंल की."

दुसऱ्या दिवशी मी भर सौद्यात शेठसमोर उभा राहिलो. म्हणालो, "शेठ, पाच बटनं दाबा. आन तुमच्या खोक्यावरचा नंबर ताडून बघा. जुळला तर मला बेड्या घाला."

मला बघून लोक हसत होते, ते थांबले. शेठनी बटणं दाबली नाहीत. मोबाईल आपला नाही, हे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मला आजही कळलेलं नाही.

त्यांनी मोबाईल काढला आणि हळदीच्या पोत्यावर ठेवला. "घे. दान दिला समज. पण परत या पेठेत पाऊल टाकायचं नाही."

तो समोर होता. हात लांब केला की माझा. संध्याकाळी आबांचा आवाज ऐकू आला असता. हात निम्म्यावर गेलाही.

"दान म्हणून न्हाई घेत," मी म्हणालो. "आधी बटनं दाबा. तुझा हाय म्हणा, मंग घेतो."

शेठनी मोबाईल उचलून परत खिशात टाकला. सौदा पुन्हा सुरू झाला.

मी तिथून चालत चौकीत गेलो. तोच हवालदार. "आता काय रं?"

"तक्रार द्यायचीय. मोबाईल चोरीला गेलाय."

"कुणी चोरला?"

मी शेठचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, दुकानाच्या पत्त्यासकट.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "परत इचार कर. या गावात खायचं कसं तुला?"

मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसलो. मागच्या वेळी त्या बाकावर मला कुणी बसू दिलं नव्हतं.

"चोर कोण ते सांगितलंय," मी म्हणालो. "लिवा. लिवल्याशिवाय उठत न्हाई."