बारा मिनिटांत चालू

दवाखान्यात सगळे त्यांना 'रिपोर्टवाल्या ताई' म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच काम करायच्या. प्रयोगशाळेतले डॉक्टर निष्कर्ष बोलून पाठवत, ताई ते ऐकून टाइप करत आणि सहीसाठी परत धाडत. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा चार दिवस सगळं ठप्प झालं होतं. त्या दिवसापासून त्यांनी खूणगाठ बांधली. रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत काढायची आणि कपाटात जुना लॅपटॉप चार्ज करून ठेवायचा.

त्या सकाळी पावणेदहाला स्क्रीन काळी पडली. ताई जराही डगमगल्या नाहीत. बाराव्या मिनिटाला जुन्या लॅपटॉपवरून आदल्या दिवशीचे सहा रिपोर्ट गेलेसुद्धा.

"माझं काम अडवायची आहे का कुणाची टाप?" अर्ध्या तासाने चहा घेऊन आलेल्या नवऱ्याला त्या म्हणाल्या.

त्याने दाराशी उभ्या उभ्या स्क्रीनकडे पाहिलं. "अगं, हे वाक्य असं अर्धवट काय?"

ताईंनी चष्मा सावरला. 'गाठीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या'. पुढे काहीच नाही. 'नाहीत' हा शब्द त्यांनी काल स्वतः टाइप केला होता. त्यांनी दुसरा रिपोर्ट उघडला, मग तिसरा. पान भरलेलं असलं की लॅपटॉपवरचा जुना प्रोग्राम शेवटची ओळ गिळत होता.

प्रयोगशाळेतले डॉक्टर ताईंच्या भरवशावर न वाचताच सही करून रिपोर्ट दवाखान्यात पाठवत. ताईंनी थेट दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, ती छातीत गाठ असलेली बाई कुठंय?"

"ऑपरेशनसाठी आत नेलंय. रिपोर्ट आला ना, आता भूल देतील."

"थांबवा! रिपोर्ट चुकलाय. तिला काही झालेलं नाही!"

पलीकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं. ताई रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसल्या.

"थांबवलं," सिस्टर धापा टाकत म्हणाली. "सुईच टोचायची बाकी होती."

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "वाचली बिचारी. तूही वाचलीस."

ताईंनी रिसीव्हर खाली ठेवला. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर दोन दिवस दुरुस्तीला दिला होता. तेव्हाही त्या याच लॅपटॉपवर बसल्या होत्या, आणि एकही खाडा पडला नाही म्हणून स्वतःवर खूश झाल्या होत्या. त्या दोन दिवसांत एकोणीस रिपोर्ट गेले होते.

त्यांनी त्या एकोणीस जणांची यादी उघडली. पहिल्या नावावर बोट ठेवून दवाखान्याचा नंबर पुन्हा फिरवला.