दुसरं लेबल लावलेली बाटली

माझा नवरा रिकाम्या ताटावर कोसळला आणि जावई ओरडले, "बाटलीत विषारी काहीतरी असंल!"

घटकाभरापूर्वी हेच जावई तिची किंमत तीन हजार सांगत होते. मुलाने अंबडहून स्वस्तात आणलेली वाइन. कुठल्यातरी भारी कंपनीचा उरलेला माल, वर दुसरंच लेबल. कंपनी कोणती, यावर दोघांचा वाद रंगला आणि जेवण लांबलं. नवऱ्याने मधुमेहाचं इंजेक्शन मात्र वेळेवर घेतलं होतं. ते घेऊन उपाशी राहिलं की त्याची साखर उतरते. मी त्याच्या हिरड्यांना साखर चोळली.

थोड्या वेळाने तो डोळे उघडून म्हणाला, "मंग, कितीची निघाली?"

"जेवा आधी," मी म्हणाले.

वाइन कुठली ते कळलंच नाही. नवरा वाचला.