हात न लावता शिकवलेलं रसायनशास्त्र

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माहेर सांगलीचं. लग्नानंतर वर्षभरातच नवरा विषमज्वरानं गेला. वडिलांनी मला सासरहून परत आणलं आणि कॉलेजात घातलं. साताऱ्यात ओळखीचं कुणी नव्हतं. माडीवरची एक खोली भाड्यानं मिळाली. घरमालकीण वागायला चांगली होती, फक्त कुठं शुभकार्याला निघाली की मी जिन्यावर नाही ना, हे आधी बघून घ्यायची.

शाळेत प्रयोगासाठी म्हणून एक कपाट होतं. त्यात स्पिरिटचा दिवा, थोड्या परीक्षानळ्या आणि बरीचशी धूळ. लढाईमुळे मुंबईहून काही येत नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तोंडी शिकवा. मुलींना पुढं काय करायचंय?"

मला तोंडी शिकवणं जमेना. मी जास्वंदीची फुलं गरम पाण्यात घालून रंग काढला. चुन्याची निवळी केली आणि पपईच्या देठाच्या नळीतून मुलींना तिच्यात फुंकायला लावलं. पाणी दुधासारखं झालं, तेव्हा वर्गात जो गलका उडाला तो मला रविवारभर पुरला. कारण रविवारी माझ्याशी बोलणारं कुणी नसे. मी खोलीत पुढच्या आठवड्याचा प्रयोग मांडायची आणि समोर वर्ग बसलाय असं धरून हळू आवाजात शिकवून बघायची.

मग हळदीचा धडा आला. फडक्यावर हळदीचं पाणी ओतलं, वर चुन्याचं बोट टेकवलं. पिवळ्यावर लालभडक ठिपका उमटला.

वडूजकडची एक मुलगी मामाकडं राहून शिकत होती. वडील पलटणीत, आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी. ती पुढच्याच बाकावरून म्हणाली, "बाई, ह्ये तर कुकूच झालं की."

"हो. असंच करतात," मी म्हटलं.

मुली माझ्या कपाळाकडं बघत होत्या आणि बघतोय हे कळल्यावर खाली बघत होत्या. मी घाईनं लिंबू पिळून ठिपका पुन्हा पिवळा करून दाखवला आणि फळ्याकडं वळले.

माझी बोटं पिवळी झाली होती. संध्याकाळी घरी नळावर साबण लावला, तर ती लाल झाली. घरमालकीण शेजारीच कळशी भरत होती. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, कळशी अर्धी भरलेली उचलली आणि आत गेली.

दोन दिवसांत काही मुलींच्या आया मोठ्या बाईंना भेटून गेल्या. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "प्रयोग करा," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही हात लावू नका. मुलींनाच करू द्या."

तेव्हापासून मी खिडकीशी उभी राहून नुसतं सांगायची. मोरचूद किती घ्यायचं, खिळा कधी बुडवायचा, दिवा कुठं धरायचा. मुलींनी सांडलं, फोडलं, एकीनं बोट भाजून घेतलं, पण त्या शिकल्या. इतक्या चांगल्या शिकल्या, की मधूनमधून त्यांना मला काही विचारावंही लागेना. त्यांची डोकी टेबलावर एकत्र आलेली असत आणि मी खिडकीतून मैदान बघत असे.

वर्षाअखेर पालकांना प्रयोग दाखवायचे ठरले. बायकांची वर्गात ही गर्दी. मी बाहेर ओसरीत थांबले. वडूजच्या त्या मुलीची आई आतून आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"बाई, कुकू म्हंजी नुसतं हळद-चुनाच व्हय?"

"हो."

"लिंबानं जातंय?"

"रंग जातो. हळद तिथंच राहते."

ती म्हणाली, "लय दिस झालं, मालकांचं पत्र न्हाई. परवा घामानं कुकू वघळलं, तर सासू दिसभर बोलली न्हाई माझ्याशी."

मी उठले नाही. तीही उठली नाही. आतला गलबला ऐकत आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो. साताऱ्यात आल्यापासून माझ्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर ती मुलगी शाळेत आली नाही. वडील लढाईत गेल्याचं वर्गातल्या मुलींकडून कळलं. एका रविवारी मी सर्व्हिस मोटारीनं वडूजला गेले. आईचं कपाळ उघडं होतं. तिनं पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं.

"तिला शाळेत पाठवा. माझ्याजवळ राहील," मी म्हटलं.

"हुशार हाय, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "पर बाई, ती गेल्यावर मला ह्या घरात बोलाया कोण?"

रिकाम्या खोलीत बसून एकटीनं बोलणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

मुलगी स्टँडपर्यंत पोचवायला आली. मोटारीला उशीर होता.

"बाई, औंदा काय दावणार हाय वर्गात?"

"ऑक्सिजन."

"त्यो कसा करत्यात?"

विहिरीत औषध म्हणून टाकतात ती जांभळी पूड नळीत घालून तापवायची, मग विझत आलेली काडी तोंडाशी धरायची, असं मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"आन् काडी परत पेटती?"

"पेटते."

"मी बी असती तर मीच धरली असती," ती म्हणाली.

मोटार आली. शेजारची जागा रिकामीच होती. तिथं पिशवी ठेवून मी साताऱ्यापर्यंत आले.